चार्ज म्हणजे ओझं: अर्ज लिहिणाऱ्या बाईची रीत

कराडला कोर्टाच्या आवाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझं टेबल आहे. आधी ते वडिलांचं होतं, त्यांच्या मराठी टाइपरायटरसकट. टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला. टेबल आणि झाड तेच. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, संमतिपत्रं लिहून देणं हा माझा धंदा. शिवाय लोकांना आलेली इंग्रजी पत्रं वाचून समजावून द्यायची. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही, पण निम्मा दिवस त्यातच जातो.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात एक आण्णा पुतण्याला घेऊन आले. हातात बँकेचं पत्र. पुतण्या बारावी झालेला, त्यानंच ते घरी वाचलं होतं आणि सांगितलं होतं, "आण्णा, तुमच्यावर चार्ज लावलाय." आण्णांचा रात्रभर डोळ्याला डोळा नाही. "बाई, हप्ता येळेवर भरतोय. मग माझ्यावर गुन्हा कसला?" पत्रात एवढंच होतं, की पाइपलाइनसाठी दिलेल्या कर्जापोटी अमुक गटाच्या जमिनीवर बँकेचा चार्ज निर्माण झाला आहे. म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढला. बोजा काय असतो हे आण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तीन पिढ्या सोसायटीचा बोजा चढवण्या-उतरवण्यात गेल्या होत्या. तोच बोजा इंग्रजी नाव घेऊन दारात आला आणि त्यांना बेडी दिसायला लागली.

पुतण्याला दोष देता येत नाही. शब्दकोशात आरोप हा अर्थ आहेच. पण शब्दकोश दहा अर्थ देतो आणि त्यातला कुठला उचलायचा ते सांगत नाही. मी कसा उचलते, ते इथे लिहिते.

आधी गाडी डोळ्यांपुढे आणा

लॅटिनमध्ये कारुस म्हणजे चाकांची गाडी. तिच्यात माल भरणे यासाठी एक क्रियापद झालं, ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन चार्ज झालं. रस्त्यावरची कार, जहाजावरचा कार्गो, नाक भलतंच मोठं करून काढलेलं कॅरिकेचर, ही सगळी त्याच घराण्यातली. कॅरिकेचर म्हणजे चेहऱ्यावर वाजवीपेक्षा जास्त माल लादलेला!

तेव्हा चार्ज वाचला की मनात म्हणायचं, 'लादलं'. मग विचारायचं: कुणी लादलं, कुणावर लादलं, काय लादलं? लादलेली गोष्ट पैसे असेल तर आकार. कर्जाची हमी असेल तर बोजा. काम असेल तर कार्यभार. गुन्हा असेल तर दोषारोप. बंदुकीत असेल तर दारू, मोबाइलमध्ये असेल तर वीज. शब्द एकच, माल वेगळा.

मराठीनंही वेगळं काही केलेलं नाही. पदभार, कार्यभार, प्रभारी, विद्युतप्रभार: जिथे तिथे भारच. आणि आरोप? तो मूळचा संस्कृत, अर्थ वर चढवणे, लावणे. वृक्षारोपणात झाड लावतात, दोषारोपात दोष लावतात. आपण नाही का म्हणत, 'माझ्यावर आळ घातला'? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी मला म्हणाली होती, "मावशी, प्रभारी मुख्याध्यापक आणि विजेतला धनप्रभार यांचा काय संबंध?" तिला म्हटलं, दोघांवरही कुणीतरी भार टाकलाय, एवढाच.

बिलातला चार्ज

हा सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात कमी अवघड आहे, तरी लोक एका ठिकाणी हमखास घसरतात. महावितरणचं बिल हातात घ्या. त्यात स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, वहन आकार आहे. हे तिन्ही इंग्रजी बिलात 'चार्जेस' असतात: फिक्स्ड, एनर्जी आणि व्हीलिंग. त्याच बिलात वीज शुल्क नावाची ओळ असते. ते इंग्रजीत चार्ज नाही, ड्यूटी आहे; सरकारचा कर. म्हणून विजेच्या बिलाची तक्रार लिहिताना चार्जला शुल्क लिहू नका. तुमचं भांडण स्थिर आकाराशी असतं आणि अर्जात 'शुल्क जास्त लावले' असं पडतं, मग उत्तर भलत्याच ओळीचं येतं.

मुंबईला राहणारे लोक मे महिन्यात गावी येतात आणि बंद घराचं बिल घेऊन माझ्याकडे येतात. "एक युनिट जळलं नाही, मग बिल कशाचं?" स्थिर आकार जोडणीचा असतो, वापराचा नाही. युनिटवर चढतात ते वीज आकार आणि वहन आकार. वहन म्हणजे वीज तारांवरून तुमच्या दारापर्यंत आणून देण्याची मजुरी. गाडीभाडंच म्हणा ना. बघा, फिरून गाडीवरच आलो.

हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज हा सरकारचा कर नव्हे, हेही सांगून ठेवते. कर म्हणजे जीएसटी. सर्व्हिस चार्ज हॉटेलवाला स्वतः लावतो. तो आपोआप बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. नाव 'चार्ज' असलं की तो सरकारी वाटतो, त्याचा फायदा घेणारे घेतात.

जमिनीवरचा चार्ज

आता आण्णांचं पत्र. इथे मी जरा थांबणार आहे, कारण घाबरून येणारे लोक याच पत्राचे असतात.

कर्ज देणारा तुमच्या जमिनीवर हक्क सांगून ठेवतो: पैसे बुडाले तर वसुली या मालमत्तेतून. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १०० मध्ये चार्ज आहे आणि कलम ५८ मध्ये मॉर्गेज, म्हणजे गहाण. दोन्ही वेगळे. गहाणात मालमत्तेतला काही हक्क सावकाराकडे जातो. चार्जमध्ये जमीन तुमचीच राहते, फक्त तिच्यावर वसुलीचं ओझं बसतं. पत्रात कुठला शब्द आहे ते बघून घ्या आणि मराठीत दोन्हीला 'गहाण' म्हणून मोकळे होऊ नका.

विकास सोसायटीचं पीककर्ज घेताना जो इकरार लिहून देता, तोही चार्जच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ४८ खाली तो होतो आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात जाऊन बसतो. म्हणजे इंग्रजी पत्रात 'चार्ज क्रिएटेड' असेल तर मराठीत 'बोजा चढवला' असं लिहायचं, आणि 'चार्ज सॅटिस्फाइड' किंवा 'चार्ज रिलीज्ड' असेल तर 'बोजा कमी केला'. 'चार्जचे समाधान झाले' असं एका भाषांतरात मी स्वतः वाचलंय. बोजाचं समाधान होत नाही हो, तो उतरतो.

एक व्यवहाराची गोष्ट याच ठिकाणी सांगते. कर्ज फिटलं म्हणजे बोजा गेला, असं नाही. बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा कागद, घ्यायचा, तो जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा, हल्ली ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो, मग फेरफार होतो आणि इतर हक्कातली ओळ कमी होते. दहा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर तसाच ठेवून जमीन विकायला निघालेली माणसं महिन्यातून एकदा तरी माझ्यापुढं बसतात. खरेदीदार बाजूला, टोकन दिलेलं, आणि दाखला देणारा सचिव रजेवर.

कोर्टातला चार्ज

इथे शब्द एक आणि टप्पे तीन. ते वेगळे करून घेतले की वर्तमानपत्रही नीट वाचता येतं.

पोलीस ठाण्यात एफआयआर झाली, म्हणजे गुन्हा नोंदला गेला. हा चार्ज नाही. तपास संपल्यावर पोलीस कोर्टात अंतिम अहवाल देतात, त्याला आपण चार्जशीट म्हणतो, मराठीत दोषारोपपत्र. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. आरोपी कोठडीत असेल तर हे पत्र ठरल्या मुदतीत जावं लागतं: फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. नाही गेलं तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. तिसरा टप्पा कोर्टाचा. न्यायाधीश कागद बघून ठरवतात की अमुक कलमाखाली खटला चालवायचा, आणि आरोपीला वाचून दाखवून विचारतात, गुन्हा कबूल आहे का? याला 'चार्ज फ्रेम झाला' म्हणतात. दोषारोप ठेवला.

लोकांची गल्लत दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात होते. "चार्ज तर मागच्याच वर्षी लागला, आता पुन्हा कसला चार्ज?" असं विचारत येतात. मागच्या वर्षी पोलिसांनी कागद दिला. आज कोर्टानं ठेवला. लादणारा बदलला. म्हणून मी म्हणते, पहिला प्रश्न 'कुणी लादलं' हाच विचारा.

इंग्लंडमध्ये मात्र गाडी वेगळ्या वळणानं जाते. तिथे माणसावर चार्ज ठेवण्याचं काम बहुधा पोलीस ठाण्यातच होतं, अनेकदा अटकेनंतर थोड्याच वेळात. मलकापूरच्या एका ताईंचा मुलगा तिकडे नोकरीला. त्याच्या खोलीतल्या मित्राला कुठल्याशा भांडणावरून पोलिसांनी नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. मुलानं आईला मेसेज केला: 'रिलीज्ड विदाउट चार्ज'. ताई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बरं झालं बाई, पैसे न घेता सोडलं." मला हसूही येईना. अर्थ असा होता, की कुठलाही आरोप न ठेवता सोडलं. पण त्याच ताईंनी दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या शिबिराचं पत्रक आणलं, त्यात लिहिलं होतं 'आय चेकअप विदाउट चार्ज', आणि तिथे अर्थ खरोखर 'फुकट' असाच होता. तेच दोन शब्द! पोलीस जवळपास असतील तर आरोप, दवाखाना-दुकान जवळपास असेल तर पैसे. 'फ्री ऑफ चार्ज' मात्र नेहमी पैशाचंच.

नोकरीतली चार्जशीट ही आणखी वेगळी. खातं कर्मचाऱ्याला देतं ती. राज्य सरकारी नोकराला मोठी शिक्षा द्यायची तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ याच्या नियम ८ प्रमाणे चौकशी होते, आणि तिची सुरुवात दोषारोप कळवण्यापासून होते. हा फौजदारी खटला नाही, इथे तुरुंग नाही. वेतनवाढ, बढती, नोकरी यांवर बेततं. एक शिक्षक असं पत्र घेऊन थेट फौजदारी वकिलाकडे गेले होते. वकिलानं त्यांना परत माझ्या टेबलाकडे पाठवलं. त्यांना हवं होतं ते दिलेल्या मुदतीत द्यायचं लेखी उत्तर, एकेका मुद्द्याला एकेक परिच्छेद. ते मी लिहून दिलं.

चार्ज घेणे, चार्ज देणे

कार्यालयात हा शब्द इतका मुरलाय की तो इंग्रजी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बदली झाली, चार्ज दिला. नवा आला, चार्ज घेतला. कपाटाच्या किल्ल्या, रोखवही, दप्तराची यादी, सगळं उतरवून दोघांच्या सह्या. लेखी मराठीत कार्यभार सोपवला, कार्यभार स्वीकारला.

इथे एक बारीक खड्डा आहे. इंग्रजीत कुणी 'इन चार्ज ऑफ स्टोअर' असेल तर त्याच्याकडे भांडाराची जबाबदारी आहे, एवढंच कळतं. आपण त्याला 'प्रभारी' केलं की अर्थ बदलतो, कारण मराठीत प्रभारी म्हणजे मूळ माणूस नसताना तात्पुरता बसवलेला. तेव्हा जागा कायम भरलेली असेल तर 'प्रभारी' लिहू नका, 'भांडाराची जबाबदारी यांच्याकडे' असं लिहा. प्रभारीला इंग्रजीत शोभतो तो शब्द ॲक्टिंग.

आणि आता माझी स्वतःची फजिती. एका मुलाचे आईवडील आखातात, मुलगा इथल्या इंग्रजी शाळेत, बघणारी आजी. शाळेला इंग्रजीत पत्र हवं होतं की मुलाची जबाबदारी आजीकडे आहे. मी लिहून दिलं, 'द ग्रँडमदर इज इन द चार्ज ऑफ द चाइल्ड'. शाळेतून फोन आला, "बाई, आजीला नातवानं सांभाळायचं आहे का?" एका 'द'नं घोटाळा केला होता. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे सांभाळणारा आधी येतो: आजी इन चार्ज ऑफ नातू. 'इन द चार्ज ऑफ' म्हणजे सांभाळला जाणारा आधी येतो: नातू इन द चार्ज ऑफ आजी. तेव्हापासून हे वाक्य लिहिताना मी मनात आजीला खुर्चीवर बसवते आणि मग 'द' ठेवायचा की नाही ते ठरवते.

मागचा छोटा शब्द बघा

लिहिताना चुका बहुतेक याच ठिकाणी होतात. कुरिअरवाल्याला तक्रार लिहिताना एका पोरानं लिहिलं होतं, 'यू चार्ज्ड मी विथ फाइव्ह हंड्रेड रुपीज'. चार्जनंतर माणूस आणि मग 'विथ' आलं की पुढे बहुधा गुन्हा अपेक्षित असतो: चार्ज्ड विथ थेफ्ट, चोरीचा आरोप. (बॅटरी आणि बंदूक यांनाही 'विथ' चालतं, पण कुरिअरच्या तक्रारीत ती येत नाहीत.) पैशाला 'विथ' नको. 'यू चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज फॉर पॅकिंग': आधी माणूस, मग रक्कम, मग 'फॉर' आणि कशासाठी ते. 'चार्ज्ड टू' आलं तर रक्कम कुठल्या खात्यावर टाकली ते पुढे येतं. आपल्या जुन्या कारकुनी भाषेत, अमुक खात्यावर खर्ची टाकली. 'चार्ज ॲट' म्हणजे अंगावर धावून जाणे: बैल, हत्ती, घोडदळ.

'चार्ज्ड ऑन' हे अर्थसंकल्पात भेटतं. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन असा काही खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर थेट लादलेला असतो. त्यावर विधानसभेत चर्चा होते, मतदान होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०२ मध्ये तो दिलाय. मराठी अर्थसंकल्पात याला 'भारित' म्हणतात आणि मतदानानं मंजूर होणाऱ्याला 'दत्तमत'. एमपीएससीची पोरं भारितला 'शुल्क आकारलेला खर्च' करून ठेवतात.

धावून जाण्याचा अर्थ ओझ्यातून कसा निघाला, हे विचारणारे विचारतात. शस्त्र सज्ज करणे, माऱ्यासाठी रोखणे यालाही चार्ज म्हणत, आणि रोखलेल्या भाल्यासकट घोडा सुटला की तो हल्लाही चार्ज. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियात बालाक्लाव्हाला ब्रिटिशांचं हलकं घोडदळ चुकीच्या समजुतीनं रशियन तोफांवर तुटून पडलं, तो या अर्थाचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला. आपल्याकडे तो लाठीचार्जमध्ये उरलाय, लिहिताना लाठीमार. विजेचा अर्थ बंदुकीच्या बाजूनं आला. १७४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांत वीज साठवण्याचे प्रयोग करत होता. त्यानं त्या भरण्याला चार्ज म्हटलं आणि बरण्यांच्या रांगेला बॅटरी, जो मुळात तोफांच्या रांगेचा शब्द. तुमच्या मोबाइलवर लिहिलेले ५००० एमएएच म्हणजे त्याच भरलेल्या मालाचं माप: पाच अँपिअर एक तासभर, शाळेच्या हिशोबानं १८,००० कूलोम.

उतरवलेलं ओझं

चार्जच्या पुढे 'डिस' लागलं की माल खाली. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो तो आपल्याला पाठ आहे. पावसाळ्यात कराडकरांना आणखी एक पाठ असतो: कोयना धरणाचा डिस्चार्ज, मराठीत विसर्ग, मोजायचा क्यूसेकमध्ये. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाजवळची माणसं आकडा ऐकून सामान वर ठेवतात, त्यांना शब्दकोश लागत नाही.

कोर्टातला डिस्चार्ज मात्र समजावून सांगावा लागतो. चार्ज फ्रेम होण्याआधीच न्यायाधीशांना वाटलं की खटला चालवण्याइतका पुरावा नाही, तर आरोपी डिस्चार्ज होतो: दोषमुक्त. खटला चालून पुरावा तोकडा पडला, तर ॲक्विटल: निर्दोष मुक्तता. पहिल्यात ओझं चढलंच नाही, दुसऱ्यात चढून उतरलं. पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या फॉर्मात दोन्हींचे कागद वेगळे जोडावे लागतात, म्हणून आदेशाची नक्कल आणाल तेव्हा शेवटचं पान आणायला विसरू नका. बहुतेक लोक पहिलंच पान झेरॉक्स करून आणतात आणि तो शब्द असतो शेवटच्या पानावर.